चारचौघांतच बोला

नंदुरबारच्या मिरचीवर पुष्कळ लिहून झालं आहे. आवक किती झाली, भाव किती निघाला, अवकाळीने किती माल काळा पडला, या बातम्या दर हंगामात ठरलेल्या जागी छापून येतात. गुंटूरनंतर देशात नंबर आमचाच, हे इथला व्यापारी पाहुण्यासमोर चहा यायच्या आत सांगून मोकळा होतो. पण मिरची खुडताना आणि विकताना जे बोललं जातं, त्याची नोंद बाजार समिती ठेवत नाही. ठेवायला हवी. तो माल बारमाही आहे आणि त्याचा भाव अजून पडलेला कोणी पाहिलेला नाही.

हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर जाऊन बघा. ओली लाल मिरची वाळत पडलेली असते आणि बायका रांगेने बसून देठ खुडत असतात. ठसक्यामुळे तोंडाला रुमाल गुंडाळलेला, त्यामुळे दिसतात ते फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांतून पाणी. हिंदी सिनेमावाल्यांनी ज्या दोन गोष्टींवर सत्तर-ऐंशी वर्षं धंदा केला त्या इथे रोजंदारीवर उपलब्ध आहेत. पोती भरायला टेम्पो आलेला असतो. पोती भरेपर्यंत टेम्पोवाल्याला काही काम नसतं. तो रांगेतल्या एकीला विचारतो, “काय गं, रडतेस का? माझी आठवण आली?”

“तुझी आली असती तर हसू आलं असतं.”

रांग हसते. हसताना तोंड उघडलं की ठसका लागतो, म्हणून निम्मी रांग खोकते. टेम्पोवालाही हसतो आणि निमूट पोतं उचलायला लागतो. संपलं. त्याला बायको आहे, दोन पोरं आहेत. हिलाही सगळं आहे. तिची सासू त्याच रांगेत दोन बायका सोडून बसलेली आहे आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसली आहे.

ही सासू फार महत्त्वाची. आपल्याला लहानपणापासून दरडावून शिकवलेलं असतं की चारचौघांत असलं बोलू नये. आमच्या जिल्ह्यात हिंडून-फिरून माझं मत नेमकं उलट झालं आहे. असलं काही बोलायचं असेल तर ते चारचौघांतच बोलावं. चौघं नसतील तर येईपर्यंत थांबावं. एकांतात, हळू आवाजात, इकडेतिकडे बघून जे बोललं जातं त्याला दुसरं काहीतरी म्हणतात, आणि त्याचा शेवट लग्नात, भांडणात किंवा पोलीस ठाण्यात होतो. निरुपद्रवी थट्टेला मात्र प्रेक्षक लागतात, त्यातही घरचे असले तर उत्तम.

बाजारातली गोष्ट घ्या. एक सद्गृहस्थ, वय पन्नाशीचं, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मिरचीच्या ढिगासमोर उभे राहून विक्रेतीला अहिराणीत विचारतात, “तिखी शे का वो?” आता हा प्रश्न निव्वळ निरर्थक आहे. नंदुरबारच्या बाजारात मिरचीला तिखट आहे का विचारणारा माणूस मिरची घ्यायला आलेला नाही हे विक्रेतीला कळतं. ती वर न बघता म्हणते, “तुमनी घरवालीपेक्षा कमीच शे.” सद्गृहस्थ खूश. त्यांना जे हवं होतं ते मिळालं. पण मागे पिशवी धरून घरवालीच उभी असते. ती शांतपणे पुढे होते आणि सांगते, “मग दोन किलो दे. यांना सवय आहे.”

या व्यवहारात कोण कोणाची थट्टा करत होतं ते शेवटी कळेनासं होतं. अशी थट्टा जमली असं समजावं. शेवटचा शब्द बाईचा, हा दुसरा नियम. तो कोणी लिहून ठेवलेला नाही पण मोडलेला मी क्वचितच पाहिला. पुरुषाने सुरुवात करायची, बाईने शेवट करायचा आणि पुरुषाने हरल्याबद्दल आनंद मानायचा. जो पुरुष शेवटचा शब्दही स्वतःच घ्यायला जातो तो लवकरच एकटा पडतो आणि मग कट्ट्यावर बसून हल्लीच्या बायकांना विनोद कळत नाही, असं सांगत राहतो.

बाहेरच्या लोकांची इथे एक अडचण होते. खान्देशात प्रत्येक पुरुष कोणाचा तरी भाऊ, आबा, आप्पा, नाना, तात्या किंवा बापू असतो. भाजीवाली तुम्हाला पहिल्या वाक्यात भाऊ म्हणते. पुण्याकडच्या नवख्याला वाटतं, झालं, राखी बांधली, आता बोलणं खुंटलं. तसं काही नसतं. इथे भाऊ म्हणणं म्हणजे मैदानाला चुना मारून घेणं. रेषा आखली, आता खेळा. खरी धास्ती ‘बाबा’ची. ज्या दिवशी कांदेवाली तुम्हाला पहिल्यांदा बाबा म्हणते त्या दिवशी रस्ता ओलांडताना हात धरायला कोणीतरी आपसूक पुढे येतं. मला अजून ती काका म्हणते. मी त्याच कांदेवालीकडून कांदे घेतो, दोन रुपये महाग पडले तरी.

वयाचा विषय निघाला म्हणून एसटीची गोष्ट सांगतो. 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. या दोन निर्णयांवर अर्थतज्ज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत; थट्टेच्या क्षेत्रात त्यांनी मोठी क्रांती केली. नंदुरबार-शहादा गाडी. प्रकाशाच्या पुलाच्या अलीकडे महिला कंडक्टर तिकिटं फाडत येते. एक टोपीवाले आजोबा छाती काढून म्हणतात, “पंच्याहत्तर पूर्ण.” ती त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “पंच्याहत्तर? तुम्ही? काहीही सांगता का बाबा! आधार दाखवा.”

आजोबांचा चेहरा पाहायला हवा होता. प्रवास फुकट आणि वर ही पावती. आधार कार्ड काढायला त्यांनी जितका वेळ लावता येईल तितका लावला. आधी या खिशात, मग त्या खिशात, मग पिशवीत. मधेच मागच्या सीटवरच्या माणसाकडे वळून, ऐकलं ना, अशी नजर. शेजारी आजीबाई अर्ध्या तिकिटाचे पैसे मुठीत धरून बसल्या होत्या. शेवटी त्यांनीच नवऱ्याच्या बंडीच्या आतल्या खिशातून कार्ड बाहेर काढलं आणि कंडक्टरच्या हातात देत म्हणाल्या, “फोटो बघ बाई. लगेच पटेल तुला.”

गाडीत पुढची पाचेक मिनिटं हसणं चाललं होतं आणि आजोबाही त्यात सामील होते. नियम पहा: जाहीर जागा, भरपूर साक्षीदार, घरचं माणूस हजर, शेवटचा शब्द बाईचा.

नात्यांमधली थट्टा तर आपल्याकडे रीतसर वाटून दिलेली आहे. भावजयीने धाकट्या दिराची खेचायची, जेठासमोर मात्र डोक्यावरचा पदर सावरायचा. मेव्हणीला सगळं माफ. विहिणींनी व्याह्यांना गाण्यांतून नावं ठेवायची आणि व्याह्यांनी ती मिशीतल्या मिशीत हसत ऐकायची. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने 1940 साली यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. काही नात्यांत एकाने चिडवायचं आणि दुसऱ्याने चिडायचं नाही, असा रिवाजच असतो आणि त्याने नात्यातला ताण सैल राहतो, असं त्याचं म्हणणं. विद्वान मोठा, पण खान्देशातल्या एका हळदीला पाटावर बसवला असता तर हे सगळं त्याला संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान समजलं असतं. शिवाय अंगाला हळद लागली असती ती वेगळी.

अलीकडे हळदीला डीजे आला आणि मोठं नुकसान झालं. लोक डीजेवर कानठळ्यांसाठी, हृदयविकारासाठी टीका करतात, ती रास्तच आहे. माझी तक्रार साधी आहे: ऐकूच येत नाही. विहीण व्याह्याच्या पोटाच्या घेरावर काहीतरी फार चांगलं बोललेली असते, तिच्या ओठांच्या हालचालीवरून दिसत असतं, आणि व्याही कानाला हात लावून “काय?” विचारत असतो. तिसऱ्यांदा “काय?” विचारलं की थट्टेचा जीव गेलाच. थट्टा पुन्हा सांगता येत नाही. डीजेवर पोरं एकमेकांच्या जवळ नाचतात खरी, पण एकमेकांना काही बोलत नाहीत. पूर्वी लांब उभं राहून पुष्कळ बोलायचे.

सारंगखेड्याच्या यात्रेत अजून बोलणं शिल्लक आहे. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, राज्याबाहेरूनही घोडे येतात, ढोलावर नाचतात, आणि घोडेवाले आपापल्या जनावराची स्तुती करताना स्वतःच्या मिशीलाही पीळ देतात. घोड्याचं वय दातांवरून ओळखतात हे तिथे शेंबडं पोरही सांगतं. अशाच एका रंगीत फेट्याच्या घोडेवाल्याने चहावालीकडे बघून दिलखुलास हसायला सुरुवात केली, चांगले बत्तीसच्या बत्तीस दाखवत, पानाने रंगलेले. ती गाळणी झटकत म्हणाली, “दात मिटा. वय कळतं.” त्या माणसाने पुढचा अख्खा चहा ओठ मिटून प्यायला. कसा प्यायला ते मला माहीत नाही, पण प्यायला.

आता ज्याच्याबद्दल बाहेर सगळ्यात जास्त बोललं जातं आणि कमी समजतं, त्या भोंगऱ्याकडे येतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात जे आठवडे बाजार येतात ते भोंगऱ्या बाजार. धडगाव, अक्कलकुवा आणि पलीकडे मध्य प्रदेशात झाबुआ, अलिराजपूर, बडवाणीपर्यंत. तिकडे त्याला भगोरिया म्हणतात. होळीचा बाजार करायचा, दाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंकण घ्यायचे, कापडचोपड घ्यायचं, ढोल वाजवायचे, पाहुण्यांना भेटायचं. एवढंच. पण कधीकाळी कोणीतरी लिहून ठेवलं की इथे तरुण-तरुणी एकमेकांना पान देतात, गुलाल लावतात आणि बाजारातूनच पळून जाऊन लग्न करतात. मग ते वर्षानुवर्षं एकमेकांचं बघून छापत राहिले. सातपुड्यातल्या शिकल्यासवरल्या पोरांना आणि आदिवासी संघटनांना याचा संताप येतो आणि तो यायलाच हवा. आपला सणाचा बाजार कोणी पळपुट्यांचा अड्डा म्हणून जगाला दाखवला तर कोणाला आवडेल?

ज्या समाजात लग्न म्हटलं की मुलाकडच्यांनी देज द्यायचं, ते ठरवायला दोन्हीकडचे पंच बसायचे आणि एकेका आकड्यावर तासन्‌तास घासाघीस व्हायची, तिथे पान खाऊन लग्न लागतं अशी समजूत करून घ्यायला माणूस फार लांबून आलेला असावा लागतो. तसे येतातही. गळ्यात दोन-दोन कॅमेरे, डोक्यावर हॅट. असाच एक जण शेववाल्याला अगदी गंभीरपणे विचारत होता, “ते पळून जाणारे साधारण किती वाजता पळतात?” शेववाल्याने मनगटावर नसलेल्या घड्याळात बघितलं. “आज जरा लेट आहेत. रस्त्याचं काम चाललंय.” कॅमेरावाला सावलीत जाऊन थांबला. संध्याकाळी मी निघालो तेव्हाही तो तिथेच होता.

वाट बघता बघता त्याच्या डोळ्यांदेखत जे चाललं होतं ते मात्र त्याने टिपलं नाही. एकाच ताग्यातून कापड घेतल्यासारख्या, एकाच रंगात नटलेल्या आठ-दहा मुली साखळी करून चाललेल्या. समोरून तितकीच मुलं, गॉगल लावलेली, एकाच्या हातात पावा, तो वाजवण्यापेक्षा धरण्यात रस. दोन्ही टोळ्या एकमेकींना ओलांडतात. मुलांतला एक काहीतरी बोलतो, मुलींतली एक न वळता उत्तर देते, आणि ती मुलगी सोडून बाकी सगळ्या हसतात. दहा पावलांवर मावशी बांगड्या भरत असते, वीस पावलांवर मामा ढोलाची किंमत पाडत असतो, आणि गावातला निम्मा माणूस आसपास असतो. पुढच्या वळणावर दोन्ही टोळ्या पुन्हा समोरासमोर. बाजार एवढासा, वळणं मोजकी, त्यामुळे योगायोग भरपूर. यात पळून जाण्यासारखं काय आहे? पळून गेलं तर पुढच्या वळणाला कोण येणार?

याच दिवसांत काठीसारख्या गावच्या होळीला बुध्या बनणारे तरुण पाळणी पाळतात. मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, अंगभर नक्षी. यात्रेतल्या सगळ्या नजरा त्यांच्यावर. पण व्रत असं की खाटेवर झोपायचं नाही, बाईमाणसापासून लांब राहायचं. वर्षातून एकदा माणूस इतका देखणा दिसावा आणि नेमकं तेव्हाच त्याला उत्तर द्यायची मुभा नसावी! व्रतवैकल्यं ठरवणारे पूर्वज माणसाला पुरते ओळखून होते.

इथे कोणी म्हणेल की थट्टेच्या नावाखाली काय-काय चालतं ते तुम्हाला माहीत नाही. माहीत आहे. कॉलेजच्या फाटकासमोर बाइक रेस करत उभा असतो तो थट्टा करत नसतो. त्याच्या बोलण्याला उत्तर मिळायची सोयच नसते, कारण तो बोलून पुढे निघालेला असतो. पाठलाग करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे, बाईचा अपमान होईल असं बोलणाऱ्यासाठी 79. ही संहिता लागू झाली 1 जुलै 2024 ला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या सव्विसाव्या वाढदिवशी. धुळ्यापासून आम्ही 1 जुलै 1998 ला वेगळे निघालो. भेट म्हणून वाईट नाही. फरक ओळखायला मात्र कलमं पाठ करावी लागत नाहीत. बोलणाऱ्याने तेच वाक्य स्वतःच्या आईसमोर बोलून दाखवावं. जीभ अडली तर बोलू नये.

आणि मोबाइलवर तर मुळीच बोलू नये. ज्यांना समोर “तिखी शे का” विचारायची हिंमत नसते ते रात्री साडेअकराला “जेवलीस का” विचारतात. आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी शाळेच्या ग्रुपवर नव्या बाईंच्या साडीच्या फोटोला बदाम टाकला. तेच स्टाफरूममध्ये “बाई, आज हेडमास्तरांची काही खैर नाही” म्हणाले असते तर सगळे हसले असते, बाईंनी काहीतरी परत केलं असतं आणि तास सुरू झाला असता. बदामाला मात्र कोणी हसलं नाही. प्रत्येकाने तो एकेकट्याने पाहिला, एकेकट्याने घरी दाखवला, आणि मास्तरांच्या घरी तो तीन वेगवेगळ्या फोनमधून पोचला. साक्षीदार एकही नाही, पुरावा मात्र पक्का, अशी त्याची गत झाली.

या सगळ्या विषयातला मी पाहिलेला सर्वांत अव्वल दर्जाचा नमुना मात्र नवऱ्या-बायकोचा होता, आणि तोही नवापूर स्टेशनवर. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी या राज्यात, स्टेशन मास्तर त्या राज्यात, आणि घोषणा चार भाषांत. दोन राज्यांच्या सीमेवर एक बाकडं आहे, अर्धं इकडे, अर्धं तिकडे, तसं त्यावर रंगवूनच ठेवलंय. लोक त्यावर बसून फोटो काढतात.

त्या दिवशी त्यावर एक सत्तरीचं जोडपं बसलं होतं. काकू महाराष्ट्रात, काका गुजरातेत, मधे बरोबर रेषेवर एक गच्च भरलेली कापडी पिशवी. सुरतेच्या गाडीला वेळ होता. काकांनी बराच वेळ रुळांकडे बघितलं, मग म्हणाले, “जरा इकडे सरक की. एवढी लांब काय बसलीस?”

काकू म्हणाल्या, “नको गं बाई. तिकडे दारूबंदी आहे.”

“मग? आपण कुठे पितो?”

“तुमच्याकडे बघून चढली म्हणजे? पोलीस धरतील मला.”

समोर शेंगा सोलत बसलेल्या दोघी बायका थांबल्या. पेपर वाचणाऱ्याने पेपर खाली केला. एका हमालाने तर सरळ टाळीच दिली, स्वतःच्याच हातावर. काका लाजले. सत्तरीचा माणूस लाजतो तेव्हा कानांपासून सुरुवात होते. तेवढ्यात घोषणा झाली, आधी मराठीत, मग गुजरातीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, की गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. काका चारही भाषा संपेपर्यंत थांबले, उठले, धोतर सावरलं आणि रेषा ओलांडून अलीकडे आले.

“मग मीच येतो तुझ्या राज्यात.”

“या की,” काकू जागा करत म्हणाल्या, “पण पिशवी मांडीवर घ्यावी लागेल. पाच किलो डाळ आहे.”